अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कशाने वाचवले?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अवघ्या सहाशे-सातशे ग्रॅम वजनाचे बाळ कित्येक आठवडे अतिदक्षता कक्षात राहून सुखरूप घरी गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्या वाचून आनंद न होणारा माणूस विरळाच. नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात परिचारिका म्हणून माझ्या आयुष्याची बरीच वर्षे गेली असल्यामुळे अशा प्रत्येक बातमीमागचे श्रम मला ठाऊक आहेत. तरीही या बातम्यांच्या मांडणीविषयी माझी एक तक्रार आहे. बाळाचे वजन, पेटीत ठेवलेल्या बाळाचे छायाचित्र, यंत्रांची नावे आणि डॉक्टरांचे अभिनंदन एवढ्यावर बातमी संपते. ते बाळ नेमके कोणत्या उपचारांमुळे जगले, ते उपचार केव्हा सुरू झाले, त्यांपैकी किती अगदी साधे होते आणि घरी गेल्यानंतर बाळाचे डोळे, कान व मेंदूची वाढ कोण तपासणार, हे प्रश्न तिच्यात येतच नाहीत. त्यामुळे वाचकाच्या मनात असे ठसते की अपुऱ्या दिवसांचे बाळ महागड्या यंत्राने वाचते आणि यंत्र नसेल तेथे त्याची आशा सोडून द्यावी. या वैद्यकशाखेचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास याहून बराच वेगळा आहे आणि तो आपल्या वाचकांपुढे यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दर दहा बाळांमागे साधारण एक. बातम्यांत झळकणारी २८ आठवड्यांच्या आतली बाळे हा या संख्येचा अगदी लहान हिस्सा आहे. बहुसंख्य बाळे ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान जन्मतात आणि ऊब, दूध, संसर्गापासून संरक्षण व गरज पडल्यास श्वासाला थोडा आधार मिळाला तर त्यांतली बहुतेक जगतात. १९९० साली जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत जगभरात सुमारे ५० लाख बाळे दगावली होती, २०२२ मध्ये ही संख्या सुमारे २३ लाखांवर आली. मात्र ही घट सर्वत्र सारखी नाही. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळे श्रीमंत देशांत जवळजवळ सगळी जगतात, तर गरीब देशांत त्यांतली निम्मी दगावतात, आणि जागतिक आरोग्य संघटना याचे कारण सांगताना ऊब, स्तनपानासाठी मदत, संसर्गावरील आणि श्वासाच्या त्रासावरील प्राथमिक उपचार यांच्याच अभावाकडे बोट दाखवते.

उबेपासूनच सुरुवात करते, कारण या शाखेची सुरुवातही तेथूनच झाली. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास तेथील प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी करवून घेतली. त्यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी त्या कामाला आईचे दूध आणि आईची उपस्थिती यांची जोड दिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ असते, अंगावर चरबी नसते आणि वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. थंड पडलेल्या बाळाची साखर उतरते, श्वास बिघडतो आणि मग एकामागून एक संकटे येतात. एवढे समजूनसुद्धा पेटीचे तापमान नेमके किती असावे हे शास्त्रीय तुलनेने तपासायला १९५८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी न्यूयॉर्कमधील विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पेटीच्या तापमानातील केवळ काही अंशांच्या फरकाने अधिक बाळे जगतात.

खरी झुंज फुप्फुसांची होती. श्वास सोडल्यावर फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूवर सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो. हे द्रव्य गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत पुरेसे तयार होते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला पूर्ण मिटलेला फुगा नव्याने फुगवावा लागतो आणि काही तासांतच ते थकून जाते. हे कारण मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली मांडले. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने ३९ तासांत गेला. त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. आज एवढ्या दिवसांचे आणि एवढ्या वजनाचे बाळ सुसज्ज कक्षात आले, तर त्याच्या जिवाविषयी आम्ही सहसा धास्तावत नाही. त्या काळी मात्र जगातील सर्वांत सामर्थ्यशाली घराण्यालाही त्या बाळासाठी फारसे काही विकत घेता आले नाही, कारण तो उपचारच अस्तित्वात नव्हता.

तो तीन बाजूंनी आला. १९७१ साली जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वासमार्गात सतत सौम्य दाब ठेवून वायुकोश उघडे ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ जगली. आज ज्याला सगळे सीपॅप म्हणतात ती हीच रीत. १९८० साली जपानचे तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसांपासून तयार केलेले सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत घालून त्यांचा श्वास सुधारल्याचे दाखवले. परंतु माझ्या मते या सर्वांहून मोठी गोष्ट न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे घडली, आणि तिच्यात बाळाला कोणत्याही यंत्राला जोडावे लागले नाही. ग्रॅहम लिगिन्स प्रसूती कशामुळे सुरू होते याचा मेंढ्यांवर अभ्यास करीत होते. स्टेरॉइड दिलेले एक कोकरू इतक्या लवकर जन्मूनही श्वास घेत राहिले आणि त्याच्या फुप्फुसांत हवा भरलेली आढळली, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवर नियंत्रित चाचणी घेतली आणि १९७२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुदतीपूर्वी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली असता जन्मानंतर लवकरच दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले होते.

औषध स्वस्त, देण्याची रीत सोपी, परिणाम स्पष्ट. तरीही अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने त्याची ठामपणे शिफारस केली ती १९९४ साली. मधल्या बावीस वर्षांत आणखी चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष त्याच दिशेचे निघाले, आणि तरीही बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञ हे इंजेक्शन देत नव्हते. विखुरलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडण्यासाठी जी कॉक्रेन संस्था पुढे स्थापन झाली, तिच्या बोधचिन्हातील आडव्या रेषा या चाचण्यांच्याच आहेत. या विलंबाने किती बाळे गेली याचा विचार मनात आला की आजही मला अस्वस्थ वाटते, कारण त्या काळात कमतरता यंत्राचीही नव्हती आणि ज्ञानाचीही नव्हती. सिद्ध झालेली गोष्ट अंगीकारण्याची घाई कोणालाच नव्हती.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत सरसकट पोचवले गेले, तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही आणि एकूण नवजात मृत्यू किंचित वाढले. गर्भाचे दिवस नेमके ठाऊक नव्हते आणि ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांतल्या अनेक माता प्रत्यक्षात मुदतपूर्व प्रसूत झाल्याच नाहीत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान येथील रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून, पुन्हा चाचणी घेतली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत बाळांचे मृत्यू स्पष्टपणे घटलेले दिसले. औषध तेच होते. दिवसांची अचूक मोजणी आणि जन्मानंतरची नीट काळजी यांनी फरक पडला. म्हणून गरोदरपणात लवकर केलेली सोनोग्राफी ही मुदतपूर्व बाळाच्या उपचाराची पहिली पायरी आहे, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगत आले आहे.

प्राणवायूची कथा याहून कठोर आहे. १९४० च्या दशकात नव्या, हवाबंद पेट्या आल्या आणि बाळांना मुबलक प्राणवायू देता येऊ लागला. त्याच काळात उत्तमोत्तम रुग्णालयांतून वाचलेली बाळे आंधळी होऊ लागली आणि कारण ध्यानात येईपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. अतिरिक्त प्राणवायूने अपक्व दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते हे १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी एकत्र घेतलेल्या चाचणीने सिद्ध झाले. मग सर्वत्र प्राणवायू कमी करण्यात आला, अंधत्व घटले, पण श्वासावाचून मरणारी बाळे वाढली. वाचवलेल्या एका दृष्टीमागे सोळा बाळे दगावली असावीत, असा अंदाज केनेथ क्रॉस यांनी १९७३ साली मांडला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात पल्स ऑक्सिमीटरमागचे तत्त्व शोधल्यानंतर कालांतराने त्वचेवरूनच रक्तातील प्राणवायू सतत मोजता येऊ लागला. तेव्हाही त्याची योग्य पातळी कोणती हा प्रश्न उरलाच होता. २८ आठवड्यांच्या आतल्या सुमारे पाच हजार बाळांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये एकत्र मांडले गेले. त्यानुसार प्राणवायूची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बाळांत डोळ्यांचे उपचार कमी लागले, परंतु मृत्यू अधिक झाले, आणि म्हणून आज साधारण ९१ ते ९५ टक्के ही पातळी राखण्याकडे कल आहे. चार-पाच टक्क्यांच्या या पट्ट्यात बाळाला रात्रंदिवस ठेवायचे म्हणजे कोणीतरी आकडा सतत पाहून प्राणवायू कमी-जास्त करीत राहिले पाहिजे, आणि हे काम परिचारिका करते. एका परिचारिकेकडे किती बाळे सोपवलेली आहेत, हे कक्षातील यंत्रांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे का आहे, ते यावरून कळावे.

परिचारिकांचा विषय निघाला आहे म्हणून एक उल्लेख मुद्दाम करते. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची प्रमुख परिचारिका असलेल्या सिस्टर जीन वॉर्ड बाळांना मोकळ्या हवेत, उन्हात नेत असत. काविळीच्या एका बाळाच्या अंगावरील उघडा भाग फिकट झाला आहे आणि कापडाने झाकलेला भाग मात्र पिवळाच राहिला आहे, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. या निरीक्षणातून निळ्या दिव्याचा उपचार जन्मला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध झाला. काविळीमुळे मेंदूला कायमची इजा होण्यापासून किंवा संपूर्ण रक्त बदलण्याच्या जोखमीच्या उपचारापासून असंख्य बाळे त्यामुळे बचावली आहेत.

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे एद्गार रेय यांच्यापुढे पेट्या अपुऱ्या, बाळे जास्त आणि संसर्गाचे थैमान अशी अडचण होती. त्यांनी बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू मातृसेवा या नावाने ही पद्धत जगभर पोचली, परंतु अनेक वर्षे तिच्याकडे पेटी नसलेल्यांचा नाइलाज म्हणूनच पाहिले गेले आणि बाळ स्थिर झाल्याशिवाय ते आईकडे द्यायचे नाही, हा दंडक कायम राहिला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत ३,२११ बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो दंडक मोडला. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, अतिदक्षता कक्षातच, आईच्या छातीशी ठेवले असता २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर तत्काळ ही सेवा सुरू करण्याची शिफारस केली. यासाठी अतिदक्षता कक्षात आईसाठी खाट हवी, तिच्यावरील उपचारही तेथेच व्हायला हवेत आणि भेटीच्या वेळा ठरवणारे जुने नियम बाजूला ठेवायला हवेत. जी रुग्णालये आजही आईला काचेबाहेर उभी करतात, त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत असे मला कळकळीने वाटते.

आईच्या दुधाविषयी वाचकांना बरेच ठाऊक असते, म्हणून एवढेच सांगते की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा जो भयंकर आजार आहे, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. म्हणून नळीतून थेंबाथेंबाने दिलेले दूधही औषधच असते.

वेदनेविषयी मात्र आपण फार उशिरा जागे झालो. नवजात बाळाची मज्जासंस्था अपक्व असल्याने त्याला वेदना फारशी जाणवत नाही, या समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत अशा बाळांवर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. ऑक्सफर्ड येथे कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की पुरेसे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि गुंतागुंतीही कमी होतात. आज टाचेला सुई टोचण्यापूर्वी बाळाला आईच्या कुशीत घेणे किंवा साखरेच्या द्रावणाचे थेंब जिभेवर ठेवणे हा उपचाराचा भाग मानला जातो, आणि तसा तो मानला गेलाच पाहिजे.

नव्या उपचारांविषयी माझ्या मनात आदर आहे, परंतु ते जेथे आणले जातात तेथे पुन्हा तपासले गेले पाहिजेत. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या, पूर्ण दिवसांच्या बाळाचे शरीर सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवले तर मृत्यू आणि अपंगत्व घटते, हे २००५ पासून श्रीमंत देशांतील चाचण्यांनी सिद्ध केले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत हाच उपचार ४०८ बाळांवर तपासला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत थंड केलेल्या गटात ४२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ३१ टक्के बाळे दगावली होती. असा निष्कर्ष जाहीर करायला धैर्य लागते, आणि अशा बातमीला वृत्तपत्रात पहिल्या पानावर जागा मिळायला हवी होती.

संपादक महोदय, आपल्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे की अशा बाळाची बातमी करताना आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइड मिळाले होते का आणि ते किती तास आधी मिळाले, बाळ आईच्या छातीशी केव्हा दिले गेले, त्याला कोणाचे दूध मिळाले आणि कक्षात एका परिचारिकेकडे किती बाळे होती, हे त्यांनी आवर्जून विचारावे. डोळ्यांची पहिली तपासणी कोणत्या तारखेला झाली हेही विचारावे, कारण दृष्टिपटलाच्या या विकारावर लेझरने किंवा डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनने उपचार होऊ शकतो, मात्र ती तपासणी साधारण जन्मानंतर चार आठवड्यांच्या सुमारास, फार लहान बाळांत त्याहूनही लवकर, करावी लागते आणि वेळ टळली तर गेलेली दृष्टी परत येत नाही. छायाचित्रासाठी कक्षात गर्दी करू नये. हात न धुता आत गेलेला एक माणूसही एक किलोच्या बाळाला जीवघेणा संसर्ग देऊ शकतो.

१७ नोव्हेंबर हा जागतिक मुदतपूर्व जन्म दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नव्या बाळाची बातमी देण्याऐवजी, दोन वर्षांपूर्वी ज्या बाळाचे छायाचित्र आपण छापले होते त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊन आपल्या प्रतिनिधीने त्यांची भेट घ्यावी. ते मूल चालते का, बोलते का, त्याला ऐकू येते का, चष्मा लागला आहे का, तपासण्यांसाठी पालकांना किती वेळा कामावर रजा घ्यावी लागली आणि रुग्णालयातून घरी गेल्यानंतर त्यांना विचारणारे कोणी होते का, हे सविस्तर छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका